रसनेची साक्ष

मराठी वाङ्मयात मद्य पुष्कळ आहे. त्याची चव मात्र जवळजवळ कोठेच नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराचा संसार आमच्या डोळ्यांदेखत बुडतो, तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ आम्हांस हसवता हसवता अंगावर काटा आणतात. परंतु त्या प्याल्यात होते काय आणि ते जिभेला लागले कसे, हे शेवटचा पडदा पडेपर्यंत आम्हांस कळत नाही. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकास ते सांगण्याचे प्रयोजनही नव्हते. पुढे दहा वर्षांनी माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. तेथे प्याला पुन्हा काठोकाठ भरलेला दिसतो, पण तो क्षणभंगुर आयुष्याची खूण म्हणून. एका प्याल्यात विनाश, दुसऱ्यात तत्त्वज्ञान. या दोहोंच्या मध्ये जो तिसरा, साधा, वर्षातून चार वेळा एखाद्याच्या हाती येणारा प्याला आहे, त्याविषयी आमची भाषा मुकीच राहिली.

या मुकेपणाचे परिणाम आता दिसू लागले आहेत. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात नारायणगावास फेसाळणारी वाइन तयार होऊन ती परदेशी ‘ओमर खय्याम’ याच नावाने विकली गेली. 2000 साली नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली, 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले, सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात ‘फ्रातेल्ली’च्या मळ्यांतून इटलीची सांजोव्हेसे ही द्राक्षे रुजली. ज्या प्रांतात द्राक्षासव एवढे वैद्याच्या बाटलीतूनच ठाऊक होते, त्या प्रांतात दुकानाच्या फळीवर पन्नास बाटल्या उभ्या राहिल्या. मग 27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा-भांडारांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. वाइन म्हणजे दारू नव्हे, ते शेतकऱ्याचे पीक आहे, असे एका पक्षाने म्हटले. हा संसारांवर निखारा आहे, असे दुसऱ्याने म्हटले. निर्णय अमलात आला नाही. पण त्या सगळ्या कोलाहलात ही वस्तू लागते कशी, कोणास कोणती आवडते व का आवडते, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आमच्या या लेखात कोणाची वकिली नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. वाइन हे मद्यच होय. तीत शेकडा बारा-चौदा भाग मद्यार्क असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले आहे. जो पीत नाही, तो कोणत्याही मोठ्या सुखास मुकतो असे आम्ही मानीत नाही. आमचा प्रश्न केवळ त्या गृहस्थाचा आहे, ज्याच्या समोर लग्नसमारंभात वा मित्राच्या घरी एखादा पेला येतो, ज्याच्या हाती पाहुण्याने आणलेली बाटली पडते, आणि जो ‘कशी आहे?’ या साध्या प्रश्नास ‘छान आहे’ म्हणून घाईने मोकळा होतो. त्यास ती खरोखर आवडली होती काय? आवडली की नाही, हे त्यास स्वतःस तरी ठाऊक होते काय? हा प्रश्न आम्ही टीकेच्या क्षेत्रातला समजतो, म्हणूनच या पृष्ठांवर त्यास जागा मागतो.

तो आमच्या मनात उत्पन्न झाला नळदुर्गास. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस पाणीमहाल पाहण्यास बोलाविले. सोलापुराहून हैदराबादच्या मार्गाने निघाले म्हणजे बोरी नदीच्या काठी हा किल्ला लागतो. नदी अडवून घातलेल्या भक्कम बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधलेला आहे. बोरीस भरपूर पाणी आले की ते नर आणि मादी अशा दोन धबधब्यांनी खाली कोसळते, आणि आत उभा राहिलेला मनुष्य कोरडा राहून समोरून पडणारे पाणी पाहतो. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या राज्यात, 1613 साली झाले. हा राजा संगीताचा वेडा. त्याने दखनी भाषेत रचलेल्या गीतांच्या संग्रहाचे नाव ‘किताब-ए-नौरस’. विजापूरजवळ त्याने जे नगर वसविण्यास घेतले, त्याचेही नाव नौरसपूर. या एका शब्दात दोन भाषा भेटतात. संस्कृताच्या कानाला त्यात साहित्यशास्त्रातील नऊ रस ऐकू येतात. फारसीच्या कानाला ‘नुकतेच पिकून हाती आलेले’ असा अर्थ लागतो. काव्याचा रस आणि फळाचा रस एकाच शब्दात पाहणाऱ्या राजाच्या महालातून आम्ही संध्याकाळी बाहेर पडलो, आणि रात्री अगदी त्याच शब्दाने आमची परीक्षा घेतली.

आमचे यजमान द्राक्षबागाईतदार आहेत. त्यांची बाग खाण्याच्या द्राक्षांची. वाइनची द्राक्षे निराळी, आकाराने लहान, सालीने जाड, आणि बियांची असतात. गावातल्या घरी देवघर. तुळजाभवानीच्या सावलीत वाढलेले ते कुटुंब. तेथे बाटली उघडणे कोणालाच रुचले नसते, म्हणून बैठक शेतातल्या वस्तीवर झाली. कायद्याने लागणारे परवाने आमच्या खिशात होते. बाटल्या चार होत्या: दोन पांढऱ्या, दोन तांबड्या. त्यांपैकी तीन महाराष्ट्रातल्या. चौथी, तांबडी, आम्ही पुण्याहून मोठ्या डौलाने नेलेली फ्रान्सची, आणि तिची किंमत उरलेल्या तिघींच्या बेरजेहून अधिक. यजमानांच्या कन्येने एक गंमत सुचविली. तिने चारही बाटल्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळल्या, त्यांवर आकडे घातले, आणि कोणती कोणती हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी घडी करून मुठीत धरली.

पुढे जे झाले ते आमच्या टीकाकारपणास शोभणारे नव्हते. तिसऱ्या क्रमांकाचा घोट घेऊन आम्ही डोळे मिटले, आणि ‘हिच्यात खोली आहे, ही जुन्या मातीची वाइन आहे, फ्रान्स लपत नाही’ असे एक छोटेसे व्याख्यान दिले. चौथीस आम्ही ‘थोडी हिरवट, अजून कच्ची, आपल्याकडची असावी’ असे म्हणून बाजूस सारले. यजमान पेशाने शेतकरी, त्यांनी चौथीचा घोट जिभेवर फिरविला आणि म्हणाले, “द्राक्षाची बी चुकून चावली म्हणजे तोंड जसे आखडते ना, तसे आखडले.” यजमानांचे मेहुणे चारही चाखून म्हणाले, “मला यांतली एकही आवडली नाही. पहिली त्यातल्या त्यात बरी, कारण ती गार आहे.” इतक्यात जेवण घेऊन वहिनी वस्तीवर आल्या. त्या पीत नाहीत. त्यांनी केवळ कुतूहलाने चौथा पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. “भाऊजी, ढोबळी मिरचीचे देठ तोडल्यावर हाताला येतो, तोच वास आहे हा,” त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो.

चिठ्ठी उघडली तेव्हा हसणे आमच्यावर परतले. आमचा ‘फ्रान्स’ म्हणजे आठ दिवसांपूर्वी सोलापुरास घेतलेली साधी शिराझ होती. जी आम्ही कच्ची म्हणून बाजूस सारली, ती आमचीच महागडी बाटली, आणि ती होती कॅबर्ने सोव्हिन्यों. आता, ढोबळ्या मिरचीस जो विशिष्ट वास असतो, त्याचे कारण असलेले द्रव्य त्या जातीच्या द्राक्षांतही असते, हे रसायनशास्त्राने सिद्ध केलेले सत्य आहे. आणि वाइनचा तुरटपणा येतो तो सालीतून व बीतून. म्हणजे वास वहिनींनी अचूक ओळखला, तुरटपणाचे मूळ शेतकऱ्याने अचूक ओळखले, आपणांस काय आवडत नाही हे मेहुण्यांनी निर्भयपणे सांगितले. आणि ज्याने या विषयावरील दोन पुस्तके वाचली होती, तो एकटा चुकला.

या चुकीत आम्ही एकटे नाही, एवढेच समाधान. बोर्दो येथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांस एक पांढरी वाइन दोन पेल्यांत दिली होती. एका पेल्यात वास व चव नसलेला तांबडा रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी त्या रंगविलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांनी केले. हा प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, 24 मे 1976 रोजी, पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या व कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवण्यात आल्या. पांढऱ्यांत आणि तांबड्यांत, दोहोंतही कॅलिफोर्निया पहिला आला. त्या बैठकीत एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाची वाइन तोंडात घेऊन आता आपण फ्रान्सला परतलो अशा अर्थाचे उद्गार काढले, असे तेथे हजर असलेल्या वार्ताहराने नमूद केले आहे. नळदुर्गच्या वस्तीवरील आमचे व्याख्यान त्याचीच गरीब प्रत होती. जिभेने साक्ष देण्यापूर्वी डोळ्याने, किमतीने आणि कीर्तीने तिला पढवून ठेवलेले असते. आणि पढविलेला साक्षीदार खोटे बोलतो, पण आपण खोटे बोलत आहो हे त्यास ठाऊक नसते.

या पढवणुकीचे मुख्य साधन म्हणजे बाटलीवरचा मजकूर. टीकावाङ्मय म्हणून तो कधी तरी लक्षपूर्वक वाचावा. तीत ‘गूजबेरी’चा गंध आहे, ‘ब्लॅककरंट’ची छटा आहे, ‘सीडार’च्या लाकडाचा स्पर्श आहे, असे तो सांगतो. ज्याने ही फळे परसात खाल्ली, त्याच्या दृष्टीने हे शब्द खरे आहेत. 1984 साली कॅलिफोर्नियात अॅन नोबल या विदुषीने वाइनमधील गंधांचे एक चक्र सिद्ध केले. तिचा हेतू हाच, की ‘भव्य’, ‘उमदी’, ‘खानदानी’ असल्या पोकळ विशेषणांऐवजी ज्याचा वास प्रत्यक्ष घेता येतो अशा वस्तूंची नावे घ्यावीत. हेतू उत्तम. परंतु ज्याने गूजबेरी जन्मात पाहिली नाही, त्याने ती वाइनमध्ये सापडल्याचे सांगणे म्हणजे न वाचलेल्या ग्रंथाचा अभिप्राय देणे होय. त्यातून कोणी कोश उघडून ‘गूजबेरी’ म्हणजे आवळा असे भाषांतर केले, तर अनर्थास पारावार उरत नाही. ते फळ वेगळे, आणि आपला आवळा वेगळा.

नोबलबाईंची खरी शिकवण त्यांच्या फळांच्या यादीत नाही, तर पद्धतीत आहे. आणि ती पद्धत पाळण्यास मराठी घरात काय कमी आहे? कैरी, पेरू, जांभूळ, करवंद, चिंच, बोर, ओल्या मातीचा वास, भाजलेले दाणे, लवंग, काकवी, ढोबळ्या मिरचीचे देठ. आमच्या जुन्या वैद्यकाने मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे सहा रस सांगितले. त्यांतील कषाय, म्हणजे तुरट, यास आमच्याकडे अगदी स्वतंत्र आसन आहे. तांबडी वाइन प्रथम चाखणारा मराठी मनुष्य ‘कडू आहे’ म्हणून तोंड फिरवितो. कित्येकदा ती कडू नसते, तुरट असते. हे दोन शब्द वेगळे करता आले, की त्यास आपली नावड नेमकी कशाची आहे हे कळते. आणि तुरटपणा नको असेल तर कॅबर्ने सोडून पांढरीकडे वळावे, आंबटपणा नको असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ सोडून किंचित गोडसर शेनँ ब्लाँकडे वळावे, हा मार्ग त्यास आपोआप दिसतो. आवडीचा शोध हा अशा रीतीने शब्दांचा शोध ठरतो.

त्यासाठी मोठ्या खर्चाचे कारण नाही. एकटी बाटली काही शिकवीत नाही. दोन पेले शेजारी शेजारी ठेविले, तर अजाण जीभदेखील बोलू लागते. चार मित्रांनी मिळून दोन बाटल्या घ्याव्यात, एका वेळी एकच भेद पाहावा: आज दोन जाती, पुढे कधी एकाच जातीच्या दोन गावच्या. नावे झाकावीत. घोटभर पुरे, ज्यास परीक्षा करावयाची आहे त्याने धुंदी येऊ देऊ नये, कारण दुसऱ्या पेल्यानंतर सगळ्याच वाइन उत्तम लागू लागतात. तांबडी वाइन खोलीच्या उष्णतामानावर प्यावी, हा युरोपातील नियम जसाच्या तसा उचलू नये. तो नियम सोळा-अठरा अंशांच्या खोलीचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि तसल्या उष्ण वाइनमध्ये मद्यार्काच्या भपकाऱ्यावाचून काही लागत नाही. अर्धा तास शीतकपाटात ठेविली तर तीच वाइन माणसांत येते. जेवणाचेही असेच. वहिनींनी आणलेल्या शेंगदाण्याच्या तिखट चटणीपुढे आमची फ्रेंच बाटली अधिकच जहाल झाली, कारण मद्यार्क तिखटाचा दाह वाढवितो आणि तिखट तोंडास तुरटपणा अधिक बोचतो. थंड, गोडसर पांढरी मात्र त्या चटणीशी गुण्यागोविंदाने नांदली. ही गोष्ट कोणत्याही परदेशी मजकुरात आम्हांस सापडली नसती.

येथे एक आक्षेप येईल. प्रत्येकाने आपापल्या जिभेवर विसंबावयाचे, तर टीकाकाराचे काम काय उरले? मेहुण्यांचा ‘एकही आवडली नाही’ हा निकाल आणि जन्मभर अभ्यास केलेल्या परीक्षकाचा निकाल, दोन्ही सारखेच मानावयाचे काय? आमचे उत्तर असे, की ‘मला आवडली’ आणि ‘ही उत्तम आहे’ ही दोन भिन्न वाक्ये आहेत. पहिल्याचा अधिकार प्रत्येकास जन्मतः आहे. दुसऱ्याचा अधिकार पुष्कळ चाखून, पुष्कळ तुलना करून मिळवावा लागतो. पण पहिले वाक्य जो प्रामाणिकपणे बोलू शकत नाही, त्यास दुसरे कधीच साधत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावून देताना दृष्टान्त घेतला तो जेवणाऱ्या माणसाचा: अनेक व्यंजनांनी संस्कारलेले अन्न प्रसन्न मनाने खाणारा मनुष्य जसा रस चाखतो, तसा प्रेक्षक नाट्याचा रस चाखतो. पुढे अभिनवगुप्ताने अनेक द्रव्ये मिळून झालेल्या पेयाचा दाखला दिला, ज्याची चव त्यातल्या कोणत्याही एका द्रव्याची नसते. या आचार्यांनी रसाचे प्रमाण म्हणून कीर्ती सांगितली नाही की किंमत सांगितली नाही, आस्वाद सांगितला. टीकाकाराने फार तर वाचकास इतके म्हणावे, की तेथे जरा थांबून पाहा, मला तेथे काही लागले. लागले की नाही, हे वाचकानेच सांगावयाचे.

आणि हे सांगण्याचे धैर्य आमच्या सुशिक्षित घरांतून कमी होत चालले आहे, ही आमची खरी चिंता. वाइनचा पेला त्याचे केवळ एक निमित्त. पारितोषिक मिळालेली कादंबरी कंटाळवाणी वाटली तरी आम्ही ‘वेगळी आहे’ म्हणतो. कळला नाही असा चित्रपट पाहून ‘खोल आहे’ म्हणतो. आणि एखादी साधी गोष्ट मनास लागली, तर ते कबूल करताना आधी चार जणांच्या तोंडाकडे पाहतो. त्या रात्री तिसऱ्या क्रमांकाची वाइन आम्हांस मनापासून आवडली होती, यात शंका नाही. चूक आवडण्यात नव्हती. ती आवडली म्हणून ती फ्रान्सचीच असली पाहिजे, या तर्कात चूक होती. आपल्या आवडीस मोठ्या नावाचा आधार असल्याखेरीज ती उभी राहणार नाही, या भीतीत होती. चिठ्ठी उघडल्यावर यजमान एवढेच म्हणाले, “मग आता ती वाईट लागते का?” आम्ही पुन्हा घोट घेतला. ती पूर्वीइतकीच चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी परत निघताना वहिनींनी दशम्या व तीच शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. घरी आल्यावर आम्ही एक लहान वही केली आहे. तीत तारीख, द्राक्षाची जात, गाव आणि आपल्या शब्दांत एक ओळ, एवढेच लिहावयाचे असा नियम आहे. आवड बदलते, आणि ती कधी बदलली हे कळावे म्हणून तारीख. पहिल्या पानावर नळदुर्गच्या चार नोंदी आहेत. चौथ्या नोंदीपुढे आमचे शब्द खोडून वहिनींचे शब्द घातले आहेत.